एचआयव्हीसह जगणाऱ्यांमधील नैराश्य : कालक्रम (सोलापूर)

एचआयव्हीची लागण झालेल्या व्यक्तीत निदानानंतर वर्षानुवर्षे कमी-अधिक होत राहणारा मनोविकार. मराठीत त्यास ‘अवसाद’, ‘खिन्नता’ असेही म्हणतात. येथे रूढ ‘नैराश्य’ हा शब्द घेतला आहे. सोलापुरी रुग्णाच्या तोंडी मात्र ‘टेन्शन’ येते, आणि त्यात घरभाड्याचाही वाटा असतो.

सिएस्ला व रॉबर्ट्स यांनी २००१ मध्ये दहा अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बाधितांत तीव्र नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. कालक्रमाविषयी, म्हणजे नैराश्य काळानुसार कसे बदलते याविषयी, जुना आधार अमेरिकेतील १९८४ मध्ये सुरू झालेल्या बहुकेंद्री पुरुष-पाहणीचा. तीत लक्षणे दीर्घकाळ स्थिर राहून एड्सच्या निदानापूर्वी सुमारे दीड वर्ष वाढू लागली. प्रभावी औषधे येण्यापूर्वीचा हा निष्कर्ष आज जसाच्या तसा लावता येत नाही.

नैराश्याने आजार बळावतो की आजाराने नैराश्य, हा वाद जुना आहे. १९९३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन परस्परविरोधी लेख आले. बुरॅक व सहकाऱ्यांना नैराश्य असलेल्या पुरुषांत सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) अधिक वेगाने घटताना दिसल्या; लायकेट्सॉस व सहकाऱ्यांना असा संबंध आढळला नाही. पुढे इकोविक्स व सहकाऱ्यांनी ७६५ महिलांना सात वर्षांपर्यंत पाहिले. सतत नैराश्य असलेल्यांत मृत्यूची शक्यता सुमारे दुप्पट निघाली (२००१). एकवेळच्या नोंदीपेक्षा नैराश्य किती काळ टिकले याला या अभ्यासात महत्त्व दिले असल्याने नैराश्याने आजार बळावतो हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मोजमापाची अडचण यापेक्षा बिकट आहे. ‘पीएचक्यू-९’ या नऊ प्रश्नांच्या चाचणीत ० ते २७ गुण असतात. १० वा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करतात. झोप, थकवा व भूक यांवरील प्रश्नांना विषाणूमुळेही ‘होय’ उत्तर येते. औषध सुरू होऊन वजन भरले की गुण उतरतात. मन सावरले असे त्यावरून लगेच म्हणता येत नाही. एफाविरेन्झ या एचआयव्हीवरील औषधाने पहिल्या आठवड्यांत अनेकांना चक्कर व भयस्वप्ने येतात. शासकीय उपचारात २०२० च्या आसपास त्याची जागा डोल्युटेग्राव्हिरने घेतली, पण त्यानेही काहींची झोप उडते. म्हणून अनेक वर्षांचे गुण वाचताना त्या त्या वेळी कोणती गोळी चालू होती हे पाहावे लागते.

भारतात मोफत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. २०१७ पासून सीडी-४ कितीही असले तरी उपचार सुरू करतात. त्याआधी ‘अजून गोळ्यांची वेळ आली नाही’ असे ऐकून परतलेल्यांचा थांबण्याचा काळ कालक्रमात वेगळा धरावा.

सोलापुरात ‘सिव्हिल’च्या एआरटी केंद्रावर मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारे येतात. पूर्व भागातील विडी वळणाऱ्या तेलुगू बाईला मराठीत विचारलेला ‘निराश वाटते का?’ हा प्रश्न दुभाष्याशिवाय नीट पोचेलच असे नाही; आणि दुभाषी शेजारीण असेल तर उत्तर खरे येणे कठीण. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून दूरच्या केंद्रावर नाव घालण्याची रीत अन्यत्रही आहे. अशा वेळी नोंदींचा धागा तुटतो.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार बाधिताची माहिती त्याच्या संमतीविना उघड करण्यास सामान्यतः मनाई आहे. मानसिक आधारासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे.