जुनी मोटरसायकल नव्यानं बांधायची आहे? पान्याला हात लावण्याआधीची आरटीओची कामं

बेळगावच्या उद्यमबागेत लेथ, वेल्डिंग, फाउंड्री सगळं हाताशी आहे. त्यामुळं पहिली गाडी बांधायला काढणाऱ्या पोराला कारागीर शोधत हिंडावं लागत नाही. अडतं ते कागदांपाशी. चार महिने राबून उभी केलेली यामाहाची आरएक्स हंड्रेड पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात गंजताना मी पाहिली आहे. इंजिन एका ठोक्यात चालू व्हायचं, पण आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) इंजिन नंबर वेगळा होता. तशी वेळ कुणावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी नावावर हवी

बदलाचा कुठलाही अर्ज आरसीवर ज्याचं नाव आहे त्यालाच करता येतो. म्हणून गाडी विकत घेताना मूळ आरसी हातात घ्या, खाली वाका आणि चेसिस (सांगाडा) नंबर, इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. "आरसी हरवलीय, दोन हजार कमी द्या" असं कुणी म्हणालं तर व्यवहार तिथंच थांबवा. पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म 26 भरून दुय्यम आरसी काढणं हे विकणाऱ्याचं काम आहे. ती आल्यावर मग फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या होऊन गाडी तुमच्या नावावर होते. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 लागतो. भंगारवाल्याकडची गाडी घेताना तिची नोंदणी रद्द झालेली नाही ना, हे बघाच. रद्द झालेली असेल तर ती फक्त सुट्या भागांच्या कामाची.

आपल्याकडं बहुतेकांची पहिली गाडी वडिलांची असते. वडील हयात नसतील तर फॉर्म 31, मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. नियमानं मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि 3 महिन्यांत अर्ज करायचा असतो. गोठ्यात दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीबाबत हे कुणीच केलेलं नसतं. तरी आधी हेच काम उरकून घ्या, पुढचा प्रत्येक अर्ज त्यावर अवलंबून आहे.

सीमाभागातली एक खास अडचण म्हणजे नावाचं स्पेलिंग. मराठीतलं नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतं. आधारवर परशुराम, आरसीवर परशराम. पत्त्यातही जुन्या आरसीवर बेळगावचं 2014 च्या आधीचं स्पेलिंग असतं. गावाच्या स्पेलिंगवरून सहसा अडवत नाहीत, माणसाच्या नावावरून अडवतात. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, एक हेलपाटा वाचेल.

पंधरा वर्षं उलटली असतील तर

पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगार, हा गैरसमज आहे. फॉर्म 25 वर फेरनोंदणी होते आणि ती 5 वर्षं चालते. मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत अर्ज करता येतो. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरची पेन्सिल छाप (नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून घेतलेली). शिवाय ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर. मोटरसायकलच्या फेरनोंदणीचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 1,000 रुपये झालं. 20 वर्षांवरच्या गाड्यांना 2025 च्या दुरुस्तीनंतर 2,000 रुपये पडतात. उशीर झाला तर दरमहा 300 रुपये जादा. बऱ्याच वर्षांची मुदत उलटलेली गाडी स्वस्तात मिळत असेल तर आधी सरकारच्या वाहन पोर्टलवर एकूण आकडा बघा, कधी कधी तो गाडीच्या किमतीच्या वर जातो. हातानं लिहिलेलं जुनं आरसी बुक असेल तर गाडी पोर्टलवर सापडतच नाही. तेव्हा आरटीओत जाऊन बॅकलॉग नोंद (जुन्या नोंदणीची संगणकात भर) करून घ्यावी लागते.

गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणून माझा सल्ला असा: आधी गाडी मूळ रूपात चालती करा, फेरनोंदणी करून घ्या आणि मग खोलायला घ्या.

काय बदलता येतं, काय नाही

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 इथं लागू होतं. कंपनीनं ठरवलेली आणि आरसीवर नोंदलेली मूळ वैशिष्ट्यं बदलतील असा फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. बेकायदा फेरफाराला कलम 182-अ खाली प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता गॅरेजच्या भाषेत. बोअर करून थोडा मोठा, म्हणजे पन्नासचा पिस्टन टाकणं, क्लच प्लेटा, नवीन वायरिंग, त्याच मापाचे टायर, सीटचं कव्हर, क्रोम, आहे त्याच रंगाचं पेंटिंग ही सगळी दुरुस्ती झाली. त्याला परवानगी लागत नाही. पण मागची चेसिस कापून कॅफे रेसर (आखूड शेपटीची, रेसिंग धाटणीची गाडी) करणं, स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) लांबवून व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) बदलणं चालत नाही. दोघांची सीट काढून एकाची केली तर आरसीवरची आसनसंख्याच बदलते. आरएक्स हंड्रेडच्या कागदांवर 135 चं इंजिन बसवायची आपल्याकडं फार हौस, त्यात सीसी बदलतो, म्हणून तेही बसत नाही. मागचा हँडहोल्ड, फूटरेस्ट आणि चाकाची जाळी नियम 123 प्रमाणं लागतेच. साडी गार्ड काढून टाकायची घाई करू नका. पुंगळी (आवाज दाबणारी आतली नळी) काढलेल्या सायलेन्सरवर तर कलम 190 लागतं, त्यात लायसनही निलंबित होऊ शकतं.

रंग बदलायचा असेल किंवा इंजिनाची केस (बाहेरचं कवच) फुटली म्हणून त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन टाकायचं असेल, तर अर्ज करून आरसीवर नोंद घ्यावी लागते. परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या. इंजिन परवानगीविना बदललं गेलं असेल तर 14 दिवसांत कळवायचं बंधन आहे. बदली इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीचं होतं तिचे कागद जपून ठेवा.

अर्ज आणि तपासणी

वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे 5 अंक टाकून फेरफाराची सेवा निवडायची, शुल्क भरायचं, पावती घेऊन आपल्या आरटीओत जायचं. बेळगाव आणि खानापूरकरांसाठी केए-22, चिक्कोडी-निपाणीकडं केए-23, बैलहोंगलला केए-24, गोकाकला केए-49. थकीत चलन असेल तर ते आधी भरा. फॉर्म इंग्रजी-कन्नडमध्ये असतात, पण रकाने मोजकेच आहेत. घरीच शांतपणे भरून नेलेत तर एजंट लागत नाही.

शेवटी गाडी ब्रेक इन्स्पेक्टरसमोर (आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकासमोर) उभी राहते, आणि इथं माझं काम अडकलं होतं. वडिलांच्या 1994 सालच्या सीडी हंड्रेडची चेसिस मी सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला दिली. आली तेव्हा आरशासारखी होती. तपासणीच्या दिवशी हँडलच्या मानेवरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, तर कागद नुसता काळा झाला. जाड थरानं अक्षरं बुजली होती. खरवडायला गेलो असतो तर नंबराशी छेडछाड केल्याचा संशय आला असता. परत जाऊन रंग उतरवायच्या द्रावणानं तेवढीच जागा मोकळी केली, कापडानं पुसली आणि दुसऱ्या खेपेला छाप निघाली. तेव्हा चेसिस देण्याआधी नंबरावर उष्णता सोसणारी टेप लावा, ब्लास्टिंग तिथं नको म्हणून सांगा, आणि चार-पाच पेन्सिल छापा व फोटो आधीच काढून ठेवा.

एमएच पासिंगची गाडी

चंदगड, गडहिंग्लज, कागलकडून एमएच-09 आणि मिरज-जतकडून एमएच-10 गाड्या इकडं सर्रास येतात. राज्याबाहेरची गाडी 12 महिन्यांहून जास्त इथं ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म 28 ची एनओसी (ना हरकत दाखला), तीन प्रतींत, प्रत्येकीवर चेसिसची छाप. गाडी चोरीची नसल्याचा एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) अहवालही मागतात. एनओसीवर 30 दिवसांत निर्णय द्यायचं बंधन आहे. मग इकडं फॉर्म 27, सोबत 29 आणि 30, आणि गाडीच्या वयानुसार कर्नाटकचा आजीवन कर. एमएच नंबर असताना रंग-इंजिनाला हात लावू नका. एनओसीवरचा तपशील आणि समोरची गाडी जुळली नाही तर कोल्हापूर-बेळगाव फेऱ्या सुरू होतात.

50 वर्षांवरची म्हैसूरची जुनी जावा हाती लागली असेल तर वाट वेगळी आहे. 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन मूळ हवं आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही.

नवी आरसी आली की तिची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर बदलाची नोंद करून घ्या. पीयूसी जुन्या गाडीला दर 6 महिन्यांनी लागते, पहिली चाचणी कार्ब्युरेटर नीट लावल्यावरच करा.