युकुलेलेची चौथी तार : बेटावर शिकायला निघालेल्यांसाठी आणि शिकून आलेल्यांसाठी

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी संपली की आमच्या दुकानात युकुलेले (गिटारसारखी चार तारांची छोटी वाद्यं) यायला लागतात. कुणी मुलाकडे अमेरिकेला गेलेलं असतं आणि तिथून आठवडाभर हवाईला, कुणी बाली करून आलेलं असतं. हॉटेलात नवशिक्यांचा तासाभराचा वर्ग केलेला असतो, चार कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्या) बोटांत बसलेल्या असतात, हौसेनं वाद्यही घेतलेलं असतं. घरी आल्यावर तक्रार मात्र एकच: "तिथं छान वाजत होतं, इथं चौथी तार फरफरते. वाद्यात फॉल्ट आहे का बघा."

वाद्यात बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. चौथी तार एक सप्तक खाली लावलेली असते, एवढंच. ती वर घ्यायला पाच मिनिटं लागतात. पण तोवर ग्राहकाचे आठ-पंधरा दिवस वाया गेलेले असतात आणि काहींनी तर वाद्य माळ्यावर टाकलेलं असतं. म्हणून हे माहितीपत्रक.

वाद्य हातात धरल्यावर तुमच्या नाकाकडची तार ती चौथी, पायांकडची पहिली. चौथीपासून सूर असे: जी, सी, ई, ए. पांढरी एक म्हणजे सी हा षड्ज धरला तर पंचम, षड्ज, गंधार, धैवत. आता महत्त्वाचं. हे चारही सूर मध्य सप्तकातलेच आहेत. चौथ्या तारेचा पंचम मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, नाही, तो शेजारच्या षड्जापेक्षा वरचा आहे. युकुलेलेत सगळ्यात खालचा सूर तिसऱ्या तारेचा. 'सा' ते 'ध' एवढ्याच टप्प्यात चारही तारा असल्यामुळे या वाद्याचा आवाज असा मोकळा, उजळ येतो. खर्ज त्यात नसतोच.

घरी तपासायची खूण सोपी आहे. दुसरी तार तिसऱ्या पडद्यावर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे पडदे) दाबून छेडा, मग चौथी तार मोकळी छेडा. दोन्हींचा सूर तंतोतंत एकच आला पाहिजे. चौथी जाडसर, ढगळ आणि बरीच खाली वाटली तर ती मंद्रात गेली आहे. दुसरी खूण कॉर्डवरून. सी आणि जी सेव्हन बऱ्या वाटतात, पण ए मायनर आणि एफ बेसूर लागतात का? सी आणि जी सेव्हनमध्ये चौथी तार मोकळी असते, ए मायनर आणि एफमध्ये ती दुसऱ्या पडद्यावर दाबली जाते. ढिली तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून नेमक्या याच दोन कॉर्ड बिघडतात.

फरफरण्याचं कारणही तेच. तीच तार, तेवढीच लांबी ठेवून सूर एक सप्तक खाली आणायचा तर ताण चौथ्या हिश्श्यावर येतो. इतकी सैल तार हलताना मोठा पसारा घेते आणि पडद्यांवर आपटते. तिथं घोडी (वाद्याच्या अंगावरचा तारांचा आधार) उंच करून किंवा पडदे घासून उपयोग नाही. कुणी तसं करून दिलं असेल तर वाद्य विनाकारण कापलं गेलं आहे.

चूक होते ती तीन वाटांनी. सगळ्यात जास्त मोबाईलवरच्या सूर लावायच्या ॲपमुळे. ॲप उघडल्यावर ते बरेचदा गिटारवर असतं. गिटारमधला जी १९६ हर्ट्झचा, युकुलेलेचा ३९२ हर्ट्झचा. तार बरोबर लागलेली असली तरी ॲप 'उतरवा, उतरवा' म्हणत राहतं आणि माणूस विश्वासानं खुंटी सोडत जातो. शिवाय गिटारमध्ये सीची तार नसते, त्यामुळे तिसरी तारही भलतीकडे जाते. ॲपमध्ये आधी युकुलेले निवडा. तो पर्याय नसेल तर क्रोमॅटिक (सगळे सूर दाखवणारा) निवडा आणि अक्षराशेजारचा आकडा बघा. जी ४, सी ४, ई ४, ए ४ असं दिसलं पाहिजे. जी ३ दिसलं की थांबा. वाद्याच्या डोक्याला लावायच्या, सूर दाखवणाऱ्या क्लिप ट्यूनरवर बरेचदा नुसतं अक्षर येतं, आकडा नसतो. तिथं वरची दुसऱ्या तारेची खूण वापरा.

दुसरी वाट कानाची, आणि ती आपल्याकडे जास्त. कोल्हापुरात देवल क्लबच्या मैफली ऐकलेली, घरात मिरजेचा तानपुरा असलेली माणसं भरपूर. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची. तो पंचम कानात इतका पक्का बसलेला असतो की युकुलेलेचाही पंचम आपोआप खाली ओढला जातो. कान चुकत नाही, सवय चुकते. तिसरी वाट पेटीची. खर्ज आणि नर असे दोन सूर एका सप्तकाच्या अंतरानं एकदम बोलत असले की कान खालचा सूर पकडतो. पेटीवरूनच लावायचं असेल तर खर्जाचा खटका बंद ठेवा.

मंद्रात गेलेली तार वर आणताना घाई नको. अर्धा फेरा द्या, तार मधोमध दोन बोटांनी हलकेच उचलून सोडा, सूर बघा, पुन्हा अर्धा फेरा. सूर नेहमी खालून वर जात पकडा. पुढं गेलात तर थोडं उतरवून परत वर या, नाहीतर खुंटीच्या दात्यांत राहिलेला ढिलेपणा दोन मिनिटांत तार उतरवतो. आणि जी ४ लागल्यावर थांबा. त्यापुढं पिळत गेलात तर तार तुटते, आणि ती तार आम्ही फुकट बदलून देत नाही. पिळून तुटलेली तार कोणती ते आम्हाला टोक बघून कळतं.

काहींना खालचा जी खरोखरच हवा असतो. त्यासाठी लो जीची जाड तार वेगळी मिळते. ती बसवताना डोक्याकडच्या पट्टीतली खाच कानशीनं रुंद करावी लागते, आणि नंतर पुन्हा पातळ तार लावायची झाली तर पट्टी बदलायची वेळ येऊ शकते. म्हणून नवशिक्यांना आम्ही ते सुचवत नाही. सहा महिने मूळ जुळणीवर वाजवा, मग ठरवू.

ज्यांची सहल अजून व्हायची आहे त्यांना एकच विनंती. तिथल्या वर्गात वाद्य आधीच लावून हातात देतात, त्यामुळे तार लावणं कुणी शिकतच नाही. शेवटची दहा मिनिटं त्यासाठी मागून घ्या आणि चारही मोकळ्या तारांचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. घरी आल्यावर त्याच्याइतका कामाचा दुसरा ट्यूनर नाही. हवाईत शिकणार असाल तर थोडं माहीत असू द्या: १८७९ साली मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला होनोलुलूला जहाजातून उतरले. त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या तंतुवाद्यांवरून त्यांच्यातल्याच सुतारांनी युकुलेले घडवलं आणि राजा कालाकाउआनं त्याला दरबारात मान दिला. उसाच्या पट्ट्यातल्या माणसानं हे वाद्य शिकावं याचं आम्हाला अप्रूप वाटतं.

वर्गाला जाताना डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापा. नखं राहिली की बोट उभं टेकत नाही आणि शेजारची तार मुकी होते. अंगठी आणि कडं काढून ठेवा. सनस्क्रीन लावलेले हात पुसून मगच वाद्याला लावा, काही क्रीममुळे पॉलिश मऊ पडतं. तार पडद्यावर नाही, पडद्याच्या लगेच मागे दाबा. छेडायची जागा मधल्या भोकावर नाही, दांडी जिथं मिळते तिथं. तर्जनीचं नख खाली जाताना, बोटाचं मांस वर येताना. पहिली कॉर्ड सी: पहिल्या तारेवर तिसरा पडदा, अनामिका. मग ए मायनर: चौथ्या तारेवर दुसरा पडदा, मधलं बोट. ते बोट तसंच ठेवून दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर तर्जनी टेकवली की एफ झाली. जी सेव्हनला तीन बोटं लागतात, ती शेवटी घ्या. एका तासात एवढं जमलं तर वर्ग वसूल.

वाद्य तिथून घ्यायचं की इथून, हे तुम्ही ठरवा. तिथून घेतलंत तर बाराव्या पडद्यावर प्रत्येक तार दाबून बघा: मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात आला पाहिजे. नाही आला तर ते शोभेचं वाद्य, दिवाणखान्यात छान दिसेल. खुंट्या बाजूला निघणाऱ्या, गिअरच्या असतील तर नवशिक्याला सोपं. सरळ मागे निघणाऱ्या खुंट्या नुसत्या घर्षणावर धरतात, त्या सुटायला लागल्या तर बटणातला स्क्रू पाव फेरा आवळा. मापं म्हणाल तर सोप्रानोची तारेची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर, कॉन्सर्टची ३८, टेनरची ४३. मोठ्या माणसाच्या बोटांना आम्ही कॉन्सर्ट देतो. सोप्रानोवर पडदे फार जवळ येतात आणि बोटं एकमेकांत अडकतात.

आमच्याकडे घेतलेलं युकुलेले त्याच दिवशी मिळत नाही, यावर ग्राहक नाराज होतात. उद्या विमान आहे, आज द्या, म्हणतात. नायलॉनची नवी तार दिवसातून चार वेळा उतरते. ती ताणून स्थिर व्हायला काही दिवस जातात. आम्ही वाद्य तीन दिवस दुकानात ठेवतो, रोज तारा चढवतो, खाचा आणि घोडी तपासतो, मग देतो. तरीही पहिला आठवडा रोज वाजवण्याआधी लावावं लागेल, तो दोष नव्हे. सहलीला न्यायचं असेल तर निदान आठवडाभर आधी या.

स्टीलच्या तारा मागू नका. त्यांच्या ताणानं घोडी उखडते, म्हणून त्या आम्ही युकुलेलेला बसवत नाही. उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवलं तर सरस सुटून तेच होतं. पावसाळ्यात केस बंद करून कपाटात, भिंतीला न टेकवता ठेवा.

आमच्याकडचं असो वा बाहेरचं, चौथी तार लावून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. नवीन तारा लागल्या तर तारांचे आणि बसवण्याचे घेतो, आकडा आधी सांगतो. संध्याकाळी गर्दी असते, सकाळी आलात तर स्वतः तार लावून बघायला वेळ मिळेल. येताना तार सोडून किंवा काढून आणू नका, आहे तशीच आणा, आणि ज्या मोबाईलवर लावली तो मोबाईलही बरोबर आणा.