पार्श्वभूमी : तीन नकाशे आणि ईसानची लहान देवळं

बँकॉकहून खोन केन किंवा उबोनच्या रेल्वेत बसलं की भातखाचरांच्या मधून सारखी देवळांची छपरं दिसत राहतात. केशरी-हिरव्या कौलांचे एकावर एक टप्पे, शेंड्याला सोनेरी शिंग, खाली पांढऱ्या भिंती. दोन-तीन दिवसांत प्रवासी कंटाळून म्हणतो, सगळी सारखीच. त्याचं निरीक्षण बरोबर असतं, पण परंपराच अशी आहे हा त्याचा पुढचा निष्कर्ष मात्र चुकतो. या सारखेपणाचा मोठा भाग विसाव्या शतकातला आणि बराचसा सरकारी आहे, आणि त्याचा दोष कोणाचा यावर वाद आहे.

फार मागे जायची गरज नाही. ईसानमध्ये, म्हणजे ईशान्येच्या पठारावर, द्वारवती या जुन्या बौद्ध संस्कृतीच्या काळातल्या कोरीव सीमाशिला, म्हणजे पवित्र जागेची हद्द दाखवणारे दगड, सापडतात. खोन केनच्या संग्रहालयातली, बुद्धाच्या पायांशी आपले केस पसरणाऱ्या यशोधरेची शिला तर अवश्य पाहावी. नंतर तिथे ख्मेर आले, मग मेकाँग ओलांडून लाओ वस्ती पसरली. उत्तरेतलं लान्ना राज्य १५५८ पासून दोनशेहून अधिक वर्षं ब्रह्मी सत्तेखाली होतं. थोडक्यात, आज ज्याला आपण थायलंड म्हणतो त्या मुलखात देऊळ बांधायच्या, पोथी लिहायच्या आणि भिक्षू करायच्या रीती अनेक होत्या, आणि बँकॉकला त्याची फारशी फिकीर नव्हती.

फिकीर सुरू झाली ती चक्री घराण्यातल्या पाचव्या राजाच्या, चुलालोंगकोर्नच्या, कारकिर्दीत. १८९८ मध्ये प्रांतोप्रांती शाळा काढायचं काम भिक्षूंवर सोपवलं गेलं, कारण गावात शिकवू शकेल असं देऊळ सोडून दुसरं ठिकाणच नव्हतं. त्यासाठी फिरणाऱ्या राजधानीच्या भिक्षूंना जागोजागी निराळी लिपी आणि निराळे आचार आढळले. १९०२ मध्ये संघाचा कायदा झाला. प्रत्येक मठाधिपती एका उतरंडीत बसला आणि उतरंडीचं वरचं टोक बँकॉकमध्ये होतं. नेमणूक झालेल्या उपाध्यायाशिवाय दुसऱ्या कोणाला प्रव्रज्या, म्हणजे भिक्षूची दीक्षा, देता येईना.

उत्तरेत हे सहज पचलं नाही. लाम्फूनच्या डोंगरातला एक भिक्षू जुन्या लान्ना रिवाजाप्रमाणे परवान्याविना दीक्षा देत राहिला. त्याला स्थानबद्ध केलं, १९२० मध्ये बँकॉकला नेऊन चौकशी केली आणि सोडून दिलं. परत येऊन त्याने पडक्या देवळांचा जीर्णोद्धार लावून धरला. दोई सुथेपच्या शिखरावरच्या देवळाकडे जाणारा, सुमारे ११ किलोमीटरचा घाटरस्ता त्याच्या शब्दावर लोकांनी श्रमदानाने नोव्हेंबर १९३४ ते एप्रिल १९३५ या काळात काढला. त्यानंतर लगेच त्याला पुन्हा बँकॉकला बोलावलं आणि कायदा पाळण्याचं लेखी घेऊनच परत पाठवलं. आज चियांग माईहून लाल टॅक्सीने वर जाणारे पर्यटक घाटाच्या पायथ्याशी त्याच्या पुतळ्यासमोरून जातात. तो कोण होता हे त्यातल्या फारच थोड्यांना माहीत असतं.

एवढं झालं तरी १९०२ च्या कायद्याने बदलली ती माणसांची रचना, इमारतींची नव्हे. इमारतींची पाळी १९४० मध्ये आली, आणि वादाचा खरा मुद्दा तोच आहे.

१९३२ च्या क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्यांनी १९३९ मध्ये देशाचं नाव बदललं. राष्ट्र एक, म्हणून पोशाख एक, भाषा एक, अशी फर्मानं निघत होती. त्याच वाऱ्यात सरकारच्या कला विभागातल्या एका ज्येष्ठ वास्तुविशारदाने उबोसोतचे, म्हणजे जिथे दीक्षा होते त्या उपोसथागाराचे, प्रमाणित नकाशे काढले. थाई वर्णमालेच्या क्रमाने तीन : को, खो, खो (शेवटची दोन अक्षरं वेगळी, उच्चार सारखा). गावाने ऐपतीप्रमाणे निवडायचं आणि सिमेंट-काँक्रीटमध्ये उभारायचं. तिन्ही नकाशे मध्य थायलंडच्या शैलीचे होते. लान्नाचं खाली उतरत आलेलं छप्पर किंवा ईसानचा सिम त्यांत कुठेच नव्हता.

सिम म्हणजे ईसानचं उपोसथागार. भिक्षूंचा लहानसा संघ दाटीने बसेल एवढीच खोली, वर लाकडी फळ्यांचं पुढे आलेलं छप्पर. चित्रं नुसती आत नाहीत, बाहेरच्या भिंतींवरही आहेत, निळी आणि गेरूच्या रंगाची. त्यांना तिथे हूप तेम म्हणतात. खोन केनमधलं वाट चायसी (थाईत वाट म्हणजे देऊळ) आणि वाट सा बुआ केव, महासाराखाममधलं वाट फोथाराम ही त्यांतली पाहण्यासारखी ठिकाणं. नेहमीचे विषय दोन : लाओ लोककथेतला वीर सिनसाय, आणि वेस्संतर जातक. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हे जातक पाहिलेल्या मराठी माणसाला दानात मुलं देऊन टाकणारा राजपुत्र इथे लगेच ओळखता येईल, फक्त आजूबाजूची माणसं ईसानची आहेत, खेन हे बांबूच्या नळ्यांचं वाद्य वाजवणारी, मासे पकडणारी. चित्रं बाहेर का, याचं नेहमी दिलं जाणारं कारण असं की आत जागा नव्हती आणि बायकांना प्रवेश नव्हता. कथा सगळ्यांना दिसायची तर भिंतीची बाहेरची बाजूच उरते.

नवे नकाशे आल्यावर असे किती सिम पाडले गेले, यावर भांडण आहेच, पण त्याहून मोठं भांडण दोष कोणाचा यावर आहे. एक पक्ष म्हणतो, सरकारने प्रांतांची ओळख पुसली. दुसरा म्हणतो, कोणी बळजबरी केली नव्हती, गावानेच वर्गणी काढून नवं बांधलं. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं अभ्यासक देतात त्यापेक्षा जास्त वजनाचं आहे असं मला वाटतं. वाळवी लागलेल्या, गळक्या खोलीऐवजी पक्कं देऊळ मिळत असेल, गावाच्या नातवंडांचा दीक्षाविधी शंभर पाहुण्यांसमोर होत असेल, आणि इमारत राजधानीतल्यासारखी दिसत असेल, तर कोणतं गाव नाही म्हणेल? उपोसथागाराच्या सीमेतली, म्हणजे हद्दीतली, जमीन राजाज्ञेने संघाला मिळते, तीही गावाला मोठ्या अभिमानाची गोष्ट असते. तरीही निवड फक्त को, खो आणि खो मधूनच करायची होती, हे विसरून चालत नाही. ज्यांनी जुना सिम न पाडता नवं बांधकाम शेजारी केलं, त्या गावांमुळेच आज पाहायला काही उरलं आहे.

१९६१ च्या प्राचीन वास्तू कायद्याने नोंदणी झालेल्या इमारतींना संरक्षण मिळालं, पण गावातल्या साध्या सिमची नोंदणी व्हायला पुढे बराच काळ लागला. १९८० नंतर कौतुकाचा झोत उलटा फिरला. लाम्पांगमधल्या वाट पोंगसानुकच्या दुरुस्तीला २००८ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. तिथे गावकऱ्यांनी जुनं लाकूड जमेल तेवढं राखलं. दुसरीकडे साच्याबाहेरचं अगदी नवंही उभं राहिलं. सिसाकेतमध्ये १९८४ पासून बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचं देऊळ, आणि चियांग राईमध्ये १९९७ पासून एका चित्रकाराने स्वतःच्या पैशाने बांधायला घेतलेलं पांढरं वाट रोंग खुन. २०१४ च्या भूकंपात त्याचं नुकसान झालं, तरी काम थांबलं नाही. पर्यटकांची बस आता तिथे थांबते, वाट चायसीला नाही.

जुन्या रिवाजातला बायकांच्या प्रवेशाचा प्रश्न मात्र कोणत्याच नकाशाने सोडवला नाही. लाम्पांग लुआंगच्या देवळात बुद्धाच्या पाऊलठशाच्या खोलीत अजून फक्त पुरुषांना जाता येतं. या शतकाच्या सुरुवातीला ईसानमधल्या एका महिला सिनेटरने बायकांना मज्जाव करणाऱ्या उत्तरेतल्या पाट्यांना उघड आव्हान दिलं, तेव्हा उत्तरेत तिच्याच विरोधात निदर्शनं झाली, आणि निदर्शकांत बायकाही होत्या. बाहेरच्याने आमच्या रिवाजात हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पाट्या बहुतेक ठिकाणी तशाच आहेत. आत जाण्याआधी दारावरची पाटी वाचावी, इंग्रजीतही लिहिलेली असते.