डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यामागचं रसायन

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागल्यापासून इंदूरच्या मराठी घरांत गाड्यांबद्दलची एक समजूत पक्की होत चालली आहे. डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, की तो या नव्या पेट्रोलमुळेच. उपायही ठरलेला असतो. "भिया, कुछ नी है, सेंसर का है," असं म्हणत मेकॅनिक बॅटरीची वायर काढतो, दहा मिनिटांनी परत लावतो आणि दिवा विझतो. काही दिवसांनी तो पुन्हा लागला की पुन्हा दोष पेट्रोलवर.

दिवा का लागतो आणि वायर काढल्यानं नेमकं काय होतं, या दोन्ही गोष्टी इथे चुकीच्या समजल्या जातात. खरं उत्तर धुराच्या नळीत बसवलेल्या, स्पार्क प्लगएवढ्या एका भागात आहे. त्या भागाचं रसायन मला गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पण त्याआधी लाल दिव्यांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिथे विचार करायला वेळ नसतो.

दिव्यांच्या रंगांना अर्थ आहे. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा, पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्या, हिरवा आणि निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे एवढीच माहिती. चिन्हंही जगभर जवळपास सारखीच असतात, ती आयएसओ २५७५ या मानकात ठरवलेली आहेत. लाल दिव्यांत तेलाच्या झारीचं चित्र असतं. ऑइल कमी झालं की तो लागतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो ऑइलची पातळी सांगत नाही, दाब सांगतो. इंजिनमध्ये एक साधा दाबाचा स्विच असतो आणि दाब जवळजवळ नाहीसा झाल्यावरच तो दिवा लावतो. म्हणजे दिवा दिसला त्या क्षणी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगना ऑइल मिळणं बंद झालेलं असू शकतं. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असं म्हणायला तिथे जागाच नाही. इंजिन लगेच बंद करायचं. बॅटरीचा दिवाही बॅटरी खराब झाली असं सांगत नाही, तो चार्जिंग बंद पडल्याचं सांगतो. कारण तुटलेला पट्टा असेल, तर अनेक गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो आणि मागोमाग इंजिन तापतं.

तापमानाच्या काट्याबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. काट्यामागे थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढलं की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा सेन्सर. तो अगदी बारीक फरकही टिपतो. पण काटा सारखा हलताना दिसला तर लोक घाबरतात, म्हणून बऱ्याच कंपन्या साधारण ७५ ते १०५ अंशांदरम्यान काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवतात. मे महिन्यात नाशिकहून परतताना निमाडच्या तापलेल्या मैदानातून मानपूरचा घाट चढता, तेव्हा आतलं तापमान वर-खाली होत असतं आणि काटा मात्र हलत नाही. तो हलला म्हणजे नेहमीची मर्यादा ओलांडली गेली आहे. आणखी एक धोका आहे. कूलंट सगळं गळून गेलं असेल तर सेन्सर द्रवात बुडलेला राहत नाही, नुसत्या वाफेत किंवा हवेत लटकतो, आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. घाटात काटा वर जाऊन अचानक खाली आला तर ती सुटका समजू नका. रेडिएटरचं झाकण तर गरम असताना उघडूच नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. बंद रेडिएटरमध्ये दाब असल्यामुळे आतला द्रव त्याहून बराच गरम असूनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि तो सगळा एकदम उसळतो.

आता पिवळा दिवा.

पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण 'लीन', कमी पडली तर 'रिच'. हे प्रमाण जवळजवळ अचूक राहिलं तरच धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचं रूपांतर नीट करू शकतो. पण इंजिन चालू असताना प्रमाण बरोबर आहे की नाही, हे कळायचं कसं? त्यासाठी धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजायचं. हे काम झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडचा, एक छोटा पोकळ तुकडा करतो. हाच ऑक्सिजन सेन्सर.

झिर्कोनियाच्या स्फटिकात झिर्कोनियमचे आयन चार धनभारांचे असतात. त्यात थोडं इट्रियम मिसळलं की काही जागी तीन धनभारांचे आयन येतात. भाराचा हिशोब जुळवण्यासाठी स्फटिकाला काही ऑक्सिजन आयन गाळावे लागतात आणि दर दोन इट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. सगळी जादू या रिकाम्या जागांत आहे. पंगतीत एक पाट रिकामा असला की शेजारचा त्यावर सरकतो, मग त्याचा पाट रिकामा होतो, आणि अशी ती रिकामी जागा पंगतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचते. तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजन आयन असेच पुढे सरकतात. ही वीज धातूच्या तारेतल्यासारखी इलेक्ट्रॉनची नसते, एका घन पदार्थातून चालत जाणाऱ्या ऑक्सिजन आयनांची असते. थंड असताना आयन जागचे हलत नाहीत, काहीशे अंश तापल्यावरच सरकतात. म्हणून आजकालच्या सेन्सरमध्ये छोटा हीटर बसवलेला असतो.

या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. एका बाजूला बाहेरची हवा, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजन, आणि दुसऱ्या बाजूला इंजिनचा धूर. जास्त ऑक्सिजनच्या बाजूचे रेणू प्लॅटिनमवर प्रत्येकी चार इलेक्ट्रॉन घेऊन आयन बनतात आणि कमी ऑक्सिजनच्या बाजूकडे सरकू पाहतात. त्या ओढीतून व्होल्टेज तयार होतं. ते किती, याचं सूत्र वॉल्टर नेर्न्स्टनं १८८९ मध्ये मांडलं. वायुस्थिरांक गुणिले केल्व्हिनमधलं तापमान, भागिले फॅरडे स्थिरांकाची चौपट, आणि या उत्तराला दोन बाजूंच्या ऑक्सिजनच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिदमनं गुणायचं. ९०० केल्व्हिनला, म्हणजे सुमारे ६३० अंश सेल्सियसला, हिशोब केला तर निष्कर्ष असा निघतो: धुरातला ऑक्सिजन दर वेळी दहापट कमी झाला की व्होल्टेज साधारण ४५ मिलिव्होल्टनं वाढतं.

हा आकडा दोन्ही टोकांना लावून पाहा. मिश्रण लीन असेल तर धुरात एक-दोन टक्के ऑक्सिजन उरतो, हवेच्या तुलनेत साधारण दहा-वीसपट कमी. व्होल्टेज मिळतं अवघं ५० ते ६० मिलिव्होल्ट. आता मिश्रण किंचित रिच करा. अर्धवट जळालेला कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजनही खाऊन टाकतो आणि तिथला मोकळ्या ऑक्सिजनचा दाब एका वातावरणाच्या १० चा उणे २० वा घात इतका सूक्ष्म होतो. म्हणजे हवेच्या तुलनेत एकोणीस वेळा दहापट कमी. एकोणीस गुणिले ४५, झाले सुमारे ०.८६ व्होल्ट. मिश्रणात जरासा फरक पडला, की व्होल्टेज शून्याजवळून जवळजवळ एका व्होल्टपर्यंत उडी मारतं. हालणारा एकही भाग नसलेला हा स्विच नेमका अचूक प्रमाणाच्या जागीच पलटतो.

याच नेर्न्स्टनं झिर्कोनिया आणि इट्रिया, म्हणजे इट्रियम ऑक्साइड, यांच्या मिश्रणाची कांडी तापवून एक विजेचा दिवाही बनवला होता, १८९७ च्या सुमारास. १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, ते उष्मारसायनातल्या कामासाठी. सूत्र त्याचं आणि पदार्थही त्यानंच वापरलेला, पण दोन्ही एकत्र येऊन मोटारीत पोचायला १९७६ साल उजाडलं. बॉश कंपनीचा सेन्सर तेव्हा पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत बसला.

हा सेन्सर बघून गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. आता इथेनॉलकडे परत येऊ. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला एका किलोमागे ९ किलो हवा पुरते. २० टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येतं, १० टक्के मिश्रणासाठी १४.१. म्हणजे १० वरून २० टक्क्यांवर जाताना ईसीयूला सुमारे ४ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. बहुतेक गाड्यांत इंधनाची ही भर-कपात, म्हणजे 'दुरुस्ती', २०-२५ टक्क्यांवर गेल्याशिवाय दिवा लागत नाही. चार टक्के ईसीयू आपोआप सांभाळून घेतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांशानं कमी असते, म्हणून मायलेज थोडं घटतं, हे खरं आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांचा प्रश्नही खरा आहे. पण निव्वळ मिश्रणामुळे दिवा लागण्याइतका फरक पडत नाही. ज्या गाडीची दुरुस्ती आधीच १८-२० टक्क्यांवर पोचली होती, तिथे हे चार टक्के शेवटची भर घालतील, पण मूळ दोष तिथे आधीच होता. फाटलेली हवेची नळी, तुंबलेला इंजेक्टर, किंवा पावसाळ्यात बॉनेटखाली शिरलेल्या उंदरानं कुरतडलेली वायर.

कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे मिळून निदान दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. इथली युक्ती मला फार आवडते. धुरातले विषारी वायू प्रत्यक्ष मोजणारं काहीही साध्या पेट्रोल गाडीत नसतं. पुढच्या सेन्सरला लीन-रिच असा झोका दिसत असतो. कन्व्हर्टरमधलं सेरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतं आणि सोडतं, त्यामुळे मागच्या सेन्सरपर्यंत पोचेस्तोवर तो झोका शांत होतो. कन्व्हर्टर म्हातारा झाला की मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच हलू लागतो. दोन्ही नोंदी सारख्या दिसल्या की ईसीयू निष्कर्ष काढतो आणि पी-०४२० हा कोड, म्हणजे त्या दोषाचा ठरलेला क्रमांक, नोंदवतो. पण पुढच्या सेन्सरच्या आधी धुराच्या नळीला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण लीन दिसतं आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. तिथे सेन्सर बदलून काहीही होणार नाही. त्यानं दिलेलं माप बरोबरच असतं, फक्त ते भलत्या हवेचं असतं. कोड काय आढळलं ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. गॅरेजमध्ये कोड वाचून लगेच नवा सेन्सर घालायची घाई होते, तेव्हा हे मेकॅनिकला जरूर विचारा.

एका वेळच्या चुकीवर ईसीयू सहसा विश्वास ठेवत नाही. इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करेपर्यंत एक फेरी धरली, तर बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो, आणि तीन निर्दोष फेऱ्यांनंतर तो आपला आपण विझतो. बॅटरीची वायर काढली की दोष जात नाही, नोंद जाते. कोड जातो, दोष दिसला तेव्हाचा वेग आणि तापमान यांची नोंद जाते, शिकलेली इंधनाची दुरुस्तीही अनेक गाड्यांत जाते. नंतर तपासणाऱ्याला सुरुवातीपासून शोधावं लागतं.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र तो लाल दिव्याइतकाच गंभीर समजा. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आहे. आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते, आणि ती बदलणं फार महाग पडतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि गाडी कडेला घ्या.

नव्या गाडीची पूजा खजराना गणपतीपुढे होते, घरातले सगळे जमतात, त्यात आनंदच आहे. पण दिवा लागल्यावर नजर लागली म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधायची आणि गॅरेजला जाणं पुढे ढकलायचं, हे थांबायला हवं. मायलेज वाढवणारी चिप म्हणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायला जे विकलं जातं, तेही टाळा. त्यातल्या अनेकांत नुसते दिवे लुकलुकवणारं सर्किट असतं. त्या १६ पिनांच्या सॉकेटचा खरा उपयोग कोड वाचण्याचा आहे, आणि ब्लूटूथवर चालणारा साधा रीडर हजार रुपयांच्या आसपास मिळतो.

जुनी गाडी घेताना तो रीडर सोबत न्या. आधी चावी फिरवून इंजिन सुरू न करता बघा. इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही, तर तो कुणीतरी बंद केलेला असू शकतो. मग रीडरवर ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत का ते पाहा. रोज चालणाऱ्या गाडीत त्यातल्या बहुतेक पूर्ण असतात. सगळ्याच अपूर्ण दिसल्या, तर नोंद नुकतीच पुसली गेली आहे.

बीएस-६ या धुराच्या प्रदूषणाच्या नियमांनुसार बनलेल्या डिझेल गाड्यांत आणखी एक पिवळा दिवा असतो, काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. फिल्टर भरला की ईसीयू त्यातली काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळतो, पण त्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात चालायला लागते. राजवाड्याच्या गर्दीत रोज दोन-तीन किलोमीटर जाणारी डिझेल गाडी ते कधीच पूर्ण करू शकत नाही. हा दिवा नुकताच लागला असेल तर देवासपर्यंत एका चालीनं जाऊन यायला बहुधा पुरतं. आठवडे दुर्लक्ष केलं तर इंजिनचा दिवा लागतो, गाडीची ताकद कमी केली जाते आणि काजळी जाळण्याचं काम गॅरेजमधल्या संगणकावरून करून घ्यावं लागतं.