अग्रलेख वाचायचा तर कापसाचा वाचा

यवतमाळ-वाशीमकडच्या कुठल्याही अभ्यासिकेत एक जाड वही हमखास दिसते. डावीकडे अग्रलेखातला इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. बँकेची नाहीतर एमपीएससीची तयारी करणारे पोट्टे रोज तिच्यात पंधरा-वीस शब्दांची भर घालतात. आठ दिवसांनी त्यातले किती आठवतात, हे विचारू नये!

दोष डोक्याचा नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केला. पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसातच निसटतं. अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. पण उजळणी म्हणजे वही पुन्हा वाचणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधल्या प्रयोगात, उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिला. तेव्हा उजवा रकाना हाताने झाका, अर्थ आठवा, अडलं तरच बघा.

मुळात अग्रलेख झेपतो का, हेही पाहायला हवं. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या मते मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पाचशे शब्दांच्या अग्रलेखात अनोळखी शब्द दहाच. इंग्रजी वर्तमानपत्र या पातळीवर वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं यावी लागतात (एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुळ). मराठी माध्यमातून बारावी झालेल्याला दहाच्या जागी पन्नास शब्द अडले, तर संदर्भावरून अर्थ लावणार कसा? संदर्भच अडलेला असतो. अशाने खुशाल साधी बातमी वाचावी, त्यात कमीपणा नाही.

पण विषय ओळखीचा असला की गणित बदलतं, आणि इथे कास्तकाराच्या पोराकडे हुकमाचा एक्का आहे. सीसीआयच्या (म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या) कापूस खरेदीवरचा अग्रलेख घ्या. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, 12 च्या वर गेला की गाडी परत, हे त्याने खरेदी केंद्रावर बापाशेजारी उभं राहून पाहिलेलं असतं. ग्रेडरने (कापसाची प्रत ठरवणाऱ्याने) ढिगात ओलावा मोजायचं मीटर खुपसलं की घरच्यांचे चेहरे कसे होतात, तेही. त्यामुळे 'स्ट्रिंजंट मॉइश्चर नॉर्म्स' वाचताना 'स्ट्रिंजंट' पहिल्यांदाच दिसला, तरी नियम कडक असल्याचं त्याला डिक्शनरीशिवाय कळतं. पुढच्या आठवड्यात तोच शब्द पेपरफुटीच्या कायद्यावरच्या अग्रलेखात भेटला, की दुसरी उजळणी आपोआप होते.

म्हणून रोज नवा विषय धरण्यापेक्षा महिनाभर एकच धरावा. कापूस, सोयाबीनचा हमीभाव, नाहीतर लांबलेला पाऊस. एकाच विषयावर लिहिणारे तेच ते शब्द पुन्हापुन्हा वापरतात. युरोपातल्या व्याजदरांना नंतर हात घालता येईल. नागपूरहून 1911 पासून निघणाऱ्या 'द हितवाद' या इंग्रजी वर्तमानपत्राचे जुने अंक वाचनालयाच्या रद्दीत असतील, तर दिवाळीनंतरचे, खरेदीच्या हंगामातले आधी काढा.