थंडीतला माठ आणि माशांची टाकी

नाशिकची जानेवारीतली पहाट. हॉलमधला दिवा लावला तर टाकीतला फायटर मासा फिल्टरच्या मागे तळाशी, पंख मिटून पडलेला. एरवी माणूस दिसला की काचेला येऊन भिडणारा मासा, आज हललाही नाही. थर्मामीटरवर 19 अंश. अशा वेळी आपण दुकानात धावतो आणि विचारतो, ‘किती वॅटचा हीटर लागेल?’ माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. टाकीतली उष्णता जाते कुठून, हे आधी बघायला हवं. खरी बचत त्यातच आहे.

मासा स्वतःचं अंग तापवत नाही. पाण्याचं तापमान तेच त्याच्या रक्ताचं तापमान. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रिया साधारण निम्म्यावर येतात, कधी त्याहूनही खाली. खाल्लेलं पचत नाही, प्रतिकारशक्ती मंदावते आणि अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणूही सुस्तावतात, त्यामुळे माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया साचायला लागतो. म्हणून थंडीच्या दिवसांत पाणी गार असेल तर खाणं कमी टाकावं. माया म्हणून टाकलेली जास्तीची चिमूट तळाशी कुजते.

आता हिशोब. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेऊ. खडे आणि वरची मोकळी जागा सोडून त्यात साधारण 50 लिटर पाणी बसतं. ते 20 अंशांवरून 26 अंशांवर न्यायला जेमतेम 0.35 युनिट वीज लागते. युनिटला 10 रुपये धरले तरी साडेतीन रुपये! म्हणजे पाणी तापवणं महाग नाहीच. ते रात्रंदिवस तापलेलं ठेवणं महाग आहे, कारण उष्णता सतत निसटत असते.

निसटते ती काचेतून, हे सगळ्यांना माहीत असतं. पण वरून, उघड्या पाण्यावरून जाणारी उष्णता डोळ्यांना दिसत नाही, आणि खरी गळती तिथेच आहे. आपला माठ आठवा. त्यातलं पाणी गार होतं ते पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतली उष्णता घेऊन जाते म्हणून. उघडी टाकी हा थंडीतला माठच. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला 2400 किलोज्यूलहून थोडी जास्त उष्णता लागते, म्हणजे सुमारे 0.68 युनिट. त्याच एका लिटरला 20 वरून 26 अंशांवर न्यायला फक्त 25 किलोज्यूल पुरतात. जवळपास शंभरपट फरक!

हे घरी मोजता येतं. पाण्याच्या पातळीवर काचेला बाहेरून कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि तीन दिवस पाणी घालू नका. आपल्याकडची थंडीतली हवा कोरडी. माझ्या टाकीत पाणी तीन दिवसांत सेंटिमीटरभर उतरलं होतं. दोन बाय एक फुटाच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास पावणेदोन लिटर, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास उष्णता हवेत गेलेली. त्या पट्टीखालची कोरडी काच बघितल्यावर मी हीटर सोडून आधी झाकण आणायला गेलो.

झाकण काचेचं चालतं, पॉलिकार्बोनेटची शीटही चालते. काचवाल्याकडून मापाने कापून घ्यावं आणि कडा घासून घ्याव्यात. वाफ झाकणाला खालून चिकटते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि तिने नेलेल्या उष्णतेचा मोठा भाग झाकणाखालीच राहतो. एका कोपऱ्यात बोटभर फट मात्र ठेवायची, हवा खेळती राहायला हवी. फायटरला तर झाकणाचा दुहेरी फायदा आहे. तो वर येऊन थेट हवेतून श्वास घेतो, आणि झाकणाखालची हवा उबदार, दमट असते.

झाकणानंतर थर्मोकोल. विरजणाचं भांडं थंडीत टॉवेलात गुंडाळून ठेवतात, तसंच हे. काचेच्या तुलनेत थर्मोकोलमधून उष्णता अगदी हळू जाते. दोन सेंटिमीटर थर्मोकोल जेवढी उष्णता अडवतं, तेवढी अडवायला अर्धा मीटर जाडीची काच लागेल. पाठीमागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून झाकायची. नवी टाकी मांडत असाल तर तळाखालीही एक सपाट शीट घालावी, टाकीचं वजनही सारखं बसतं. दर्शनी काच रात्री जाड चादरीने झाकली की झालं. विकत आणायची गरज नाही, दुकानांत मासे येतात तेच मुळी थर्मोकोलच्या खोक्यांतून. मागितलं तर दुकानदार एखादं खोकं सहज देतो.

खोली 20 अंशांवर आणि पाणी 26 वर ठेवायचं तर या आकाराची उघडी टाकी माझ्या हिशोबाने साधारण 50 वॅट खाते. झाकण आणि थर्मोकोल लावलं की 20 वॅटच्या आसपास. महिन्याला 36 युनिट विरुद्ध 14-15 युनिट. गावाकडे भारनियमन असेल तर फायदा आणखी मोठा. वीज गेल्यावर उघडी टाकी पहिल्या तासातच जवळपास एक अंशाने उतरते, गुंडाळलेल्या टाकीला तेवढं उतरायला तीन तास लागतात.

आणि मग हीटर. मोठ्या वॅटचा हीटर जास्त बिल आणतो, हा समज चुकीचा आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारी कळ, नीट चालत असेल तर 50 वॅटचा हीटर जास्त वेळ चालतो, 100 वॅटचा कमी वेळ. युनिटं तेवढीच जळतात, कारण गळती तेवढीच असते. तरीही मी लहानच घ्या म्हणेन, आणि त्यामागे माझी एक चूक आहे. 50 लिटरच्या टाकीत मी 200 वॅटचा स्वस्तातला हीटर टाकला होता. साध्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. गरम झाली की ती वाकते आणि वीज तुटते. एका रात्री त्या पट्टीची टोकं चिकटून राहिली, वीज तुटलीच नाही. सकाळी पाणी हाताला चक्क कोमट लागत होतं आणि सगळे मॉली मासे मेलेले. अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. 50 वॅटचा हीटर असाच चालू राहिला असता तर पाणी त्या रात्री इतकं तापलं नसतं. मोठ्या टाकीलाही एका मोठ्याऐवजी दोन लहान हीटर लावावेत, एक बिघडला तरी मासे वाचतात.

पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तापलेली काचनळी उघडी पडून तिच्यावर गार पाणी आलं की तडकते. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे ओघळ बोर्डापर्यंत जात नाही. आणि अंघोळीचं पाणी तापवायची रॉड टाकीत कधीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा घालू नका. माशांचं सोडाच, हात घालणाऱ्या माणसाचा जीव जातो.

हीटर किती अंशांवर लावायचा, यातही पैसे आहेत. खोली 20 वर असताना 26 ऐवजी 24 ठेवलं तर काचेतून जाणारी उष्णता तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. गप्पी, मॉली, प्लॅटी 24 वर मजेत असतात, फायटरला 25-26 बरं. डिस्कसला मात्र 28 च्या वरच लागतं, तिथे काटकसर करू नये. गोल्डफिशला तर घरात हीटर लागतच नाही, तो कार्पच्या कुळातला, थंड पाण्याचा मासा. गंगेच्या खोऱ्यातला आपला झेब्रा डॅनिओही 20 अंशांवर खुशाल पळत असतो. मुंबई, कोकण, गोव्यात बहुतेकांना झाकणावरच भागेल. हीटर लागतो तो पुणे, नाशिक, निफाड, विदर्भ अशा थंडी पडणाऱ्या भागांत.

पाणी बदलायचं ते दुपारी, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने जरा तापल्यावर. आणि तेही थर्मामीटर घालून, कारण आपला हात तापमान सांगताना फसवतो.

मार्च सरला की थर्मोकोल सोडवून माळ्यावर टाकावं. एप्रिल-मेमध्ये पाणी 32-33 वर जाऊ लागतं, तेव्हा काचेचं झाकण काढून जाळी लावायची आणि पाण्यावरून वारा जाईल असा एक लहान पंखा ठेवायचा. तेव्हा पातळी रोज उतरते, रोज थोडं पाणी घालावं लागतं, आणि टाकीचा माठ झालेला आपल्याला हवाच असतो.