जर्मनीची नाली आणि आमचं टर्निंग

आमच्या गावाच्या अलीकडे, रपटा ओलांडला की डांबरी रोड एकदम डावीकडे वळतो. त्या टर्निंगवरच्या बाभळीला बारा महिने लिंबू-मिरची आणि काळी बाहुली लटकलेली असते. "तिथं गाडी कोनीतरी वढते सर," हे मी वर्गातल्या पोरांकडून ऐकलंय आणि त्यांच्या बापांकडूनही. मी तिथं पडलेली चार माणसं ओळखतो. चौघंही बाहेरच्या, म्हणजे नाल्याच्या बाजूला पडले आणि चारही वेळा रोड ओला होता. भूत असेलच, तर ते कोरड्या रोडवर काम करत नाही.

परवा पुतण्या मोबाइलवर जर्मनीतल्या नुरबुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकचा व्हिडिओ पाहत होता. एका ठिकाणी गाडी सपाट रस्ता सोडून आतल्या कडेच्या घळीत उतरली, धडधडत वळली आणि बाहेर पडली. "काका, हा नालीत कायले घालते गाडी?" त्याच्या या प्रश्नापायी माझा अख्खा रविवार गेला.

नुरबुर्ग हे आयफेल डोंगरातलं लहानसं गाव, शेजारी पडका किल्ला. १९२०च्या दशकात त्या भागात गाड्यांच्या शर्यती साध्या गावरस्त्यांवरून व्हायच्या. ते फारच धोक्याचं ठरलं, म्हणून १९२५मध्ये शर्यतीसाठी वेगळा रस्ता बांधायला घेतला. हाताला काम नसलेल्यांना त्यातून रोजगार मिळाला, आपल्याकडच्या रोजगार हमीसारखाच. जून १९२७मध्ये तो सुरू झाला तेव्हा सगळा मिळून २८ किलोमीटरच्या वर होता. त्यातला उत्तरेकडचा २०.८ किलोमीटरचा फेरा आजही आहे, जंगलातून आणि सुमारे ३०० मीटरच्या चढउतारातून जाणारा. जॅकी स्टुअर्ट या शर्यतपटूनं त्याला 'हिरवा नरक' म्हटलं. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा या दुसऱ्या शर्यतपटूची गाडी तिथंच पेटली, आणि त्यानंतर फॉर्म्युला वन त्या फेऱ्यावर परत गेली नाही. रस्ता मात्र चालू राहिला. ठरावीक दिवशी टोल भरून कोणीही आपली गाडी तिथं नेऊ शकतो, फक्त एकाच दिशेनं.

या सगळ्यात मला आवडते ती नाली. कारुसेल नावाच्या वळणावर गाडी जवळपास उलट्या तोंडानं फिरते. तिथं आतल्या कडेला पावसाचं पाणी जायला उतरत्या भिंतीची नाली होती. उद्घाटनाची मोटार शर्यत जिंकणारा रुडॉल्फ काराचिओला आपली आतली चाकं सरळ त्या नालीत घालून वळायचा आणि सपाट रस्त्यानं जाणाऱ्यांपेक्षा लवकर बाहेर पडायचा. पुढं नालीत काँक्रीटचे स्लॅब बसवले आणि वळणाला त्याचं नाव दिलं. व्हिडिओतली धडधड त्या स्लॅबच्या सांध्यांची.

नालीनं असं काय केलं? ज्वारीतली पाखरं उडवताना गोफण फिरवलेली असेल, तर अर्धं उत्तर तुमच्या हातात आहे. दगड गोल फिरतो, कारण दोरी त्याला सारखी आत ओढत असते. दोरी सोडली की तो सरळ जातो. दहावीच्या पुस्तकात याला अभिकेंद्री बल म्हणतात. गाडीला दोरी नसते, तिला आत ओढतं ते टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण. ते कमी पडलं की गाडी सरळ जायला बघते आणि सरळ पुढं नाला असतो. म्हणजे गाडीला कोणी ओढत नाही, उलट ओढणारं सुटलेलं असतं!

आता रस्ताच आतल्या बाजूला उतरता केला, तर तो गाडीला नुसता वर उचलत नाही, थोडा आतही ढकलतो. घर्षणाचं काही काम उतारच करून टाकतो. उतार पुरेसा असेल आणि वेग नेमका असेल, तर घर्षण लागतच नाही. अमेरिकेतल्या डेटोनाच्या ट्रॅकवर वळणं ३१ अंश कललेली आहेत. तिथं ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास गाडी बर्फावरसुद्धा वळेल. बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर १९३७मध्ये चक्क ४३ अंशांचं विटांचं वळण बांधलं होतं. त्यामानानं नेदरलँड्समधल्या झांडवूर्टचं शेवटचं वळण सभ्य म्हणायचं, १८ अंशांचं.

आपल्या रस्त्यांवर? सपाट मुलखात जास्तीत जास्त ७ टक्के, म्हणजे दर मीटर रुंदीला ७ सेंटिमीटर. अंशात ४.

हा कंजूसपणा नाही. आता जरा आकडे येतील, नको असतील त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. (माझे विद्यार्थी सोडतातच.)

हिशेब असा: उतार अधिक घर्षण बरोबर वेगाचा वर्ग भागिले (१२७ गुणिले त्रिज्या). वेग ताशी किलोमीटरमध्ये, त्रिज्या मीटरमध्ये. १२७ कुठून आले? गुरुत्वाचे ९.८ गुणिले ३.६चा वर्ग, कारण किलोमीटर-तासाचं मीटर-सेकंद करताना ३.६नं भागावं लागतं. घर्षणासाठी आपले इंजिनीअर ०.१५ धरतात. पण उतार ठरवताना ते आधी घर्षण शून्य धरतात आणि वेगही पूर्ण न घेता पाऊणच घेतात. पाऊणचा वर्ग ०.५६ आणि काही. त्यानं १२७ला भागलं की २२५ येतात. म्हणून रस्त्याच्या पुस्तकांत 'वेगाचा वर्ग भागिले (२२५ गुणिले त्रिज्या)' असं सूत्र सापडतं. ते पाठ करणाऱ्या किती जणांना त्यातली पाऊण दिसते, मला शंका आहे.

वेग पाऊणच का धरायचा? कारण त्याच रोडवरून बैलगाडीही जाते. डिसेंबरात जिनिंगकडे निघालेला कापसाचा ट्रक पाहा, दोन्ही अंगांनी फुगलेला, टपाच्या वर पुरुषभर. तो डेटोनाच्या वळणावर बैलाच्या चालीनं नेला, तर आतल्या बाजूला आडवाच होईल. शर्यतीच्या ट्रॅकवर सगळेच जोरात जातात, म्हणून तिथं उभी भिंत चालते. आमचा रोड सगळ्यांचा, म्हणून ४ अंश. जाता जाता, आपल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात हा प्रश्नच येत नाही, कारण पट सरळ असतो. बैलजोड्यांना वळण नको, हे आपल्या लोकांना सूत्राशिवायच कळलं होतं.

रविवारी मी एका ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन टर्निंगवर गेलो. वीस मीटरची दोरी बाहेरच्या कडेवर दोन टोकांत ताणली. दोरीच्या मध्यापासून कड ८३ सेंटिमीटर दूर भरली. वीसचा वर्ग भागिले (आठ गुणिले ०.८३), म्हणजे त्रिज्या ६० मीटर. ताशी ४०ला उतार आणि घर्षण मिळून ०.२१ हवं. ७ टक्के, म्हणजे ०.०७ उतार असता, तर ०.१५ घर्षणात जेमतेम बसलं असतं. पावणेचार मीटर रुंद रोडला ७ टक्के म्हणजे बाहेरची कड आतल्यापेक्षा २६ सेंटिमीटर उंच, वीतभराहून थोडी जास्त.

मिस्त्रीनं लेव्हलच्या नळीत पाणी भरलं, बुडबुडे झटकून काढले, एक टोक आतल्या कडेला धरलं आणि दुसरं मी बाहेर धरलं. पाणी थांबलं तेव्हा तो म्हणाला, "सर, हे तं उलटंच हाय." बाहेरची कड चार बोटं खाली होती! म्हणजे रोड गाडीला आत घेण्याऐवजी बाहेर लोटतो.

यात काळ्या मातीचा वाटा मोठा. तिच्यातली चिकणमाती थरांच्या मध्ये पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. डांबराखाली मधल्या पट्ट्यात ओल फारशी बदलत नाही, कडांना मात्र दरवर्षी ही वरखाली सोसावी लागते. इथं बाहेरच्या कडेला भरावाची माती आणि तिच्या पायथ्याशी नाला, त्यामुळे तीच जास्त बसली. त्यात पांदणीतून येणारे ट्रॅक्टर चाकांचा चिखल डांबरावर आणून टाकतात. कोरड्या डांबरावर टायर उलटा उतारही सांभाळून घेतो. ओल्या काळ्या चिखलावर नाही. चौघंही ओल्या रोडवर का पडले, ते यात आलं.

नळी गुंडाळता गुंडाळता मी मिस्त्रीला त्या जर्मन नालीची गोष्ट सांगितली. त्यानं मन लावून ऐकली.

"मंग पाणी आलं की तिच्यात गाडी कशी जाते? साचत नसन?"

"तिथं रोड चढाचा आहे. पाणी खाली वाहून जातं."

त्यानं आमच्या साइडपट्टीच्या कडेच्या नालीकडे पाहिलं. पाऊस उघडून आठ दिवस झाले होते, तरी तिच्यात घोट्याएवढं पाणी होतं आणि वर शेवाळ.

"हे बी तं उतारावरच हाय सर. इथं काऊन साचते मंग?"